आरशामागचा हात

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर लोकांच्या झडत्या घेतल्या. तयार कपड्यांच्या कारखान्यात बायकांच्या फाटकावर त्यांची नोकरी होती. शिफ्ट सुटली की शिलाईवाल्या एकेक करून पडद्यामागे यायच्या, हात वर करायच्या, आणि सासूबाईंचे दोन्ही हात त्यांच्या काखेपासून कमरेपर्यंत फिरायचे. डबा उघडायचा, पिशवी उलटी करायची, अंबाड्यातसुद्धा बोट घालून बघायचं. बटणं, झिपा, लेसचे तुकडे, कधी पोटाला गुंडाळलेला अख्खा सदरा. "घाबरलेली बाई चोर नसते," त्या सांगायच्या. "जी पडद्यामागे येता येता माझ्या तब्येतीची चौकशी करते, तिची पिशवी आधी बघायची."

फाटकावरच्या बाईनं शिलाईवाल्यांत मिसळायचं नाही, असा कारखान्याचा नियम होता. निवृत्तीनंतर नियम सुटला, सवय सुटली नाही. गल्लीत त्यांना सगळे गेटबाई म्हणत. लग्न ठरण्याआधी मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरला, मग दोन्ही कुशींवरून. ती माया होती की झडती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना त्यांच्या डाव्या हातातून मग सुटला. त्या उचलायला वाकल्या, पण हात खाली गेलाच नाही. मी धावत गेले तर त्या आपल्याच हाताकडे टक लावून बघत होत्या आणि जड जिभेनं काहीतरी पुटपुटत होत्या. मेंदूला झटका आला होता. रुग्णालयातून घरी येईपर्यंत जीभ सुटली, पायही ओढत का होईना पण चालायला लागला. डावा हात मात्र मांडीवर नुसता पडून राहिला.

पहिले काही दिवस त्या म्हणायच्या, "हा माझा नाही. मी झोपले असताना कुणीतरी बदललाय." डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की कधीकधी असं होतं, जाईल. ते गेलंही. पण हात आपलाच आहे हे पटल्यावर त्यांनी त्याच्यावर वेगळाच आरोप ठेवला. "ढोंगी आहे हा. मी बघत नसले की हलतो." जेवताना मध्येच मान झटकन वळवून त्या त्याच्यावर नजर टाकायच्या, चोर रंगेहाथ सापडावा तशी.

आमच्यावरही पहारा बसला. गोळी हातात दिली की त्या ती उलटसुलट करून बघत. चहाचा पहिला घोट तोंडात धरून ठेवत. मी आणि माझा नवरा स्वयंपाकघरात नळाच्या गळतीबद्दल बोलत असलो तरी बाहेरून आवाज येई, "हळू का बोलताय?" मग आम्ही मोठ्यानं बोलायचो. त्यावर त्या म्हणायच्या, "मला ऐकवायला बोलताय."

अशा बाईला रुग्णालयातल्या फिजिओनं संशोधनात भाग घ्याल का म्हणून विचारलं. फिजिओ म्हणजे व्यायाम करून घेणारी तरुण मुलगी, हसरी, सगळ्यांना काका-काकू म्हणणारी.

"काकू, झटक्यानं हात गेलेल्या लोकांसाठी आम्ही दोन पद्धती ताडून बघतोय. नेहमीचा व्यायाम सगळ्यांनाच मिळेल. त्याशिवाय काही जण समोर आरसा ठेवून सराव करतील, काही जण नुसती फळी ठेवून."

"आणि मला काय मिळणार?"

"ते मी ठरवत नाही. संगणक ठरवतो."

"संगणकाला कोण सांगतं?"

"कुणीच नाही. तो नाणं उडवल्यासारखं करतो."

"नाणं कुणाच्या खिशातलं?"

फिजिओ हसली. सासूबाई हसल्या नाहीत. आता या सरळ नाही म्हणणार, असं धरून मी पिशवी उचलली. पण त्यांनी सगळं दोनदा वाचून घेतलं, मधूनच सोडून जाता येतं ना हे विचारून घेतलं, आणि सही केली. घरी येताना बसमध्ये मी कारण विचारलं. म्हणाल्या, "बाहेर उभं राहून काय कळणार? आत जाऊन बघते काय लपवतात."

त्यांच्या वाट्याला फळी आली.

फळी म्हणजे टेबलावर मधोमध उभी केलेली गुळगुळीत लाकडी पाटी. उजवा हात पाटीच्या अलीकडे, डावा पलीकडे, नजरेआड. फिजिओ शेजारी बसून सांगायची, दोन्ही हातांनी एकदम करा: मूठ मिटा, उघडा, मनगट फिरवा, बूच उचला. उजवा करायचा. डावा पलीकडे काय करतोय ते दिसायचं नाही, आणि तो काही करतही नव्हता. शेजारच्या खोलीत हेच सगळं चालायचं, फक्त पाटीच्या जागी आरसा. दोन्ही खोल्यांची दारं बंद असायची. बंद दार हा सासूबाईंच्या लेखी निम्मा गुन्हा होता.

त्यावर कळस म्हणजे मोजणीवाल्या बाई. लांबलचक बोळाच्या टोकाला त्यांची खोली. तिथे हाताची पकड मोजायची, आणि मध्ये आडवी भिंत असलेल्या पेटीत लाकडी ठोकळे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला टाकायचे. चष्मा लावलेल्या, मोजकं बोलणाऱ्या त्या बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, "तुम्ही कुठल्या गटात आहात ते मला सांगू नका. आरसा की फळी, कोण शिकवतं, काहीच नाही. चुकूनसुद्धा नाही."

"का?" सासूबाईंचे डोळे बारीक झाले.

"मला कळलं तर माझी नजर बदलेल. आरसेवाल्याचा ठोकळा काठावर पडला तर मी तो आत धरेन, फळीवाल्याचा बाहेर. मुद्दाम नाही करणार मी. पण होतं तसं."

मला वाटलं, आता खटका उडणार. सासूबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आम्हालासुद्धा बायकांशी बोलायची बंदी होती." त्या अख्ख्या इमारतीत त्यांचा विश्वास बसला तो या एकीवर, आणि तीही अशी की जिला काही माहीत नव्हतं.

बोळात बाकावर नंबर लागायची वाट बघताना एक गृहस्थ शेजारी बसायचे. एके काळी त्यांचा बँड होता, ते स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. बँडमास्तर म्हणूनच सगळे ओळखत. त्यांचाही डावाच हात गेला होता. गप्पिष्ट माणूस. पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, तब्येत कशी आहे?" झालं. सासूबाईंनी पर्स मांडीवर घेतली.

"मला आरसा मिळालाय," बँडमास्तर सांगायला लागले. "काय सांगू तुम्हाला, डोळे फसतात हो. हलवायचा उजवा, बघायचं आरशात, आणि वाटतं डावाच हलतोय. पहिल्यांदा तर हात परत आला असंच वाटलं." त्यांनी डावी करंगळी उचलून दाखवली. खरंच किंचित उचलली गेली.

बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "त्यांचाच माणूस आहे तो."

"कुणाचा?"

"रुग्णालयाचा. बाकावर बसवून ठेवलाय, फरक पडतो असं सांगायला. जत्रेतल्या औषधवाल्याचा एक माणूस गर्दीत उभा असतो ना, तसा."

पण करंगळी डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी फळीसमोर बसल्यावर त्यांनी फिजिओला थेट विचारलं, "पोरी, खरं सांग. मला खोटा उपचार देताय ना? खरा पलीकडच्या खोलीत आहे."

"काकू, कुठला खरा ते आम्हालाच माहीत नाही. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

"म्हणजे इतक्या शिकलेल्या माणसांना माहीत नाही."

"नाही."

"आणि तुम्ही दारं बंद करून ठेवता."

घरी सासूबाईंनी निकाल दिला: कुठेतरी पाणी मुरतंय. माहीत नाही असं म्हणणारा माणूस एक तर मूर्ख असतो नाहीतर लबाड, आणि ती पोरगी मूर्ख दिसत नाही.

त्यानंतर आमच्या घरात विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. जेवणं झाली की दुपारी सासूबाई आपल्या खोलीची कडी लावून घ्यायच्या. आयुष्यात कधी दिवसा कडी न लावणारी बाई. माझ्या नवऱ्याचा दाढीचा आरसा गेला. त्यानं माझ्यावर चिडचिड केली, मी कामवाल्या मावशींना विचारलं, मावशी रागावल्या. दोन दिवसांनी आरसा जागेवर आला, पण खिळ्यावर उलटा टांगलेला. मग कपाटाच्या दारामागचा लांब आरसा गेला, तो परत आलाच नाही. मी खोलीत झाडायला गेले तर सासूबाई पलंगाच्या त्या बाजूला झाडू घालू देईनात.

"आई, पलंगाखाली काय आहे?"

"काही नाही. तुला काय करायचंय?" आणि मग, अगदी सहज, "तुझी पाठ दुखत होती ना? बरी आहे का आता?"

मी त्यांचीच शिष्या. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली तेव्हाच मला कळलं की पाणी इथेच मुरतंय. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तिच्या सामानाला हात लावू नकोस, घर डोक्यावर घेईल." पण मला राहवेना. डोकं ताळ्यावर नसेल तर? झटक्यानंतर माणसं काहीबाही करतात असं ऐकलं होतं. दुसऱ्या दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गेले आणि त्यांच्या खिडकीतून आत पाहिलं.

सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. कपाटाचा लांब आरसा उशीला टेकवून, फळीसारखा मधोमध उभा केला होता. डावा हात त्याच्या मागे, उजवा पुढे. उजवी मूठ मिटत होती, उघडत होती, आणि त्या आरशात बघून खालच्या आवाजात डाव्या हाताला दम देत होत्या. "हलतोस. दिसतंय मला. बाहेर काढ काय लपवलंयस ते." चेहऱ्यावर असं काही होतं की मी मान फिरवायला हवी होती, पण फिरवली नाही. तेवढ्यात आरशामागे डाव्या हाताचा अंगठा हलला. मला खिडकीतून दिसला, त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

मी कुणाला काही बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? मीही खिडकीतून चोरून बघितलं होतं.

त्यानंतर हात सुधारत गेला. आधी अंगठा, मग पहिली दोन बोटं. फळीसमोर बूच उचललं गेलं तेव्हा फिजिओनं टाळी वाजवली. "काकू, फळीवर एवढा फरक!" सासूबाई खूश व्हायला हव्या होत्या. त्यांनी बूच लांब सारलं. मोजणीवाल्या बाईंच्या खोलीत ठोकळे भराभर पलीकडे पडले, त्यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता आकडा टिपला, आणि सासूबाई तिथून घाम पुसत बाहेर आल्या.

घरी चिडचिड वाढली. सगळ्यांच्या पिशव्या, सगळ्यांची उशिरा येण्याची कारणं, सगळं तपासलं जाऊ लागलं. नवरा म्हणाला, "चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं आईचं काय चाललंय?" मी भाजी चिरत राहिले.

शेवटी सगळं बाहेर आलं ते बँडमास्तरांमुळे, आणि तेही त्यांच्या नकळत. त्या दिवशी ते बाकावर नेहमीसारखे बोलले नाहीत. करंगळीच्या पुढे त्यांची गाडी सरकली नव्हती. मग म्हणाले, "बाई, तुम्ही फळीवर एवढं केलंत. मला आरसा असून जमत नाही. म्हणजे खोट माझ्यातच आहे. मुलगा न्यायला-आणायला सुट्ट्या घेतो, तो तरी किती घेणार? पुढच्या आठवड्यापासून येत नाही मी."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. तपासायला बघतात तसं नाही, नुसतं. मग म्हणाल्या, "उद्या या. एक दिवस या." आणि मला म्हणाल्या, "चल, मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे."

हा सगळा अभ्यास ज्या चालवत होत्या त्या डॉक्टरीणबाईंची खोली वरच्या मजल्यावर होती. टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. सासूबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच सांगितलं: घरी आरसा लावते, रोज दुपारी, दार लावून, पहिल्या पंधरवड्यापासून. "फळी मिळाली होती, आरसा मी चोरून नेला. तुमचा नाही, घरचाच. पण चोरी ती चोरीच."

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मोजणीवाल्या मॅडमना बोललात का?"

"मला काय वेड लागलंय?"

"मग ठीक आहे. बसा."

सासूबाई बसल्या नाहीत. त्यांच्या फाटकावर सापडलेल्या बाईला त्याच दिवशी काढून टाकत. त्यांनी विचारलं, "मला कधीपासून काढताय?"

"काढत नाही. तुम्ही घरी काय केलंत याची नोंद होईल, पण मोजणीत तुम्ही फळीच्याच गटात राहणार. कारण तुमच्या वाट्याला फळी आली होती."

"म्हणजे मी आरसा वापरला आणि तुम्ही फळी म्हणणार." सासूबाईंचा आवाज चढला. "हे खोटं नाही?"

"नाही. नियम मोडणाऱ्यांना आम्ही वगळत गेलो, तर शेवटी फक्त शहाणी माणसंच मोजली जातील. खऱ्या जगात लोक घरी जाऊन काय वाट्टेल ते करतात. तेही मोजणीत यायलाच हवं." त्यांनी सफरचंद बाजूला सारलं. "तुमच्यामुळे आमचं गणित थोडं बिघडलंय, हे मात्र खरं. आरशानं फरक पडतच असेल, तर तो आता कमी दिसेल."

हे बोलणं सासूबाईंना लागलं. कारखान्यात त्यांना कुणी रागावलं असतं तर त्या उलट बोलल्या असत्या. इथे कुणी रागावलंच नव्हतं. खाली मान घालून त्या म्हणाल्या, "त्या बँडवाल्याला सांगू का? तो सोडून चाललाय. त्याला वाटतंय, खोट त्याच्यातच आहे."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "मी त्यांच्याशी बोलते. तुमचं तुम्ही सांगा, त्याला मी ना म्हणणार नाही. फक्त मोजणीच्या खोलीपासून लांब."

दुसऱ्या दिवशी रुग्णालयासमोरच्या झाडाखाली सासूबाईंनी बँडमास्तरांना सगळं सांगितलं. मी थोड्या अंतरावर उभी होते. ते चिडतील असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही दिवसातून दोनदा करता आणि मी एकदा?"

"दोनदा."

"मग मी घरी जाऊन नुसता झोपतो कशाला?" म्हणाले, आणि इतके हसले की खोकला लागला. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पर्समधली पाण्याची बाटली पुढे केली. बँडमास्तर येत राहिले. त्यांची क्लॅरिनेट परत वाजली नाही. पण सदऱ्याची बटणं स्वतः लावता यायला लागली, आणि भेटेल त्याला ते लावून दाखवायचे.

वर्षभरानं अभ्यास संपला आणि भाग घेतलेल्या सगळ्यांना बोलावणं आलं. रुग्णालयाच्या सभागृहात काठ्या, चाकाच्या खुर्च्या, घरची माणसं अशी गर्दी. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. दोन्ही गटांचे हात सुधारले होते. आरसेवाल्यांची रेष जराशी वर होती, पण त्या म्हणाल्या, हा फरक इतका थोडा आहे की नुसत्या योगायोगानंही पडू शकतो.

सासूबाईंनी हात वर केला. "मग माझा हात कशानं सुटला?"

"आरशानं असेल. दुप्पट सरावानं असेल. काही वेळा काळ जाईल तसं आपोआपही सुटतं. तुमच्या एकट्या हातावरून मला सांगता येणार नाही."

"आणि मी लपवलं नसतं तर?"

"तरीही बहुतेक हेच उत्तर आलं असतं. पण खात्रीनं नाही सांगता येत."

येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. घर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "ही बाई खरं बोलते." दोन थांबे गेले. "बहुतेक."

हात पूर्ण आला नाही. जड पातेलं धरता येत नाही, गरम कळायला वेळ लागतो. माझा नवरा त्यांना अजून चिडवतो की आता कुठलंही काम तुझ्या डाव्या हाताचा मळ आहे, आणि त्या अजून त्याच्याकडे रागानं बघतात. माझ्यावरचा पहारा उठलेला नाही. फक्त खिडकीतून मी काय पाहिलं ते त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि त्यांना ते माहीत आहे असा मला दाट संशय आहे.

मध्यंतरी त्या फिजिओचा फोन आला. ती आता स्वतःचा अभ्यास करतेय, वयस्कर माणसं पडू नयेत म्हणून तोल सांभाळण्याच्या, बुटक्या स्टुलावर चढण्या-उतरण्यासारख्या व्यायामांवर. काकू येतील का, विचारत होती. मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला.

"यात लपवाछपवी किती आहे?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ आहे, काकू."

"येते."

गेल्या सोमवारपासून आम्ही पुन्हा त्या बसनं जातोय. आत त्या एकट्या जातात, मी बाकावर बसते. या वेळी त्यांच्या वाट्याला काय आलंय ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी मात्र स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल जागेवर नव्हतं.